राजगुरुनगरच्या पुढे तिकिटाचे नियम बदलतात

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं, की राजगुरुनगरला एक न दिसणारी हद्द लागते. पुण्याच्या शहर बससेवेची, म्हणजे पीएमपीएमएलची बस साधारण तिथवरच धावते. पुढे मंचर, नारायणगाव, आळेफाटा, आणि डाव्या अंगाला घोडेगाव नि जुन्नर, हा सगळा मुलूख एसटीचा. बस बदलली, की तिकिटाचं गणितही बदलतं. आणि ते बऱ्यापैकी चक्रम आहे.

आधी पुण्याकडचं बघू. १ जून २०२५पासून पीएमपीएमएलचे टप्पे नव्याने आखले गेले. पहिल्या ३० किलोमीटरला पाच-पाच किलोमीटरचे सहा टप्पे आणि पुढे ८० किलोमीटरपर्यंत दहा-दहाचे पाच. प्रत्येक टप्प्याला दहा रुपये. म्हणजे ४० किलोमीटरला ७० रुपये. एसटीचा टप्पा मात्र सहा किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे १०.०५ रुपये पडतात. पुण्यातून राजगुरुनगर साधारण ४० किलोमीटर, म्हणजे सात टप्पे. कागदावर हिशेब येतो ७० रुपये ३५ पैसे!

दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळी गणितं, उत्तर जवळपास एकच. पण हे झालं पुरुषाचं. त्याच्या शेजारच्या ताईंना एसटीत अर्धंच तिकीट लागतं, कारण १७ मार्च २०२३पासून महिला सन्मान योजनेत एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये महिलांना ५० टक्के सवलत आहे. ही योजना एसटीची, पीएमपीएमएलची नव्हे. रस्ता तोच, ट्रॅफिकही तेच, चाकणचा चौक पीएमपीएमएलमधल्या नि एसटीतल्या बाईला सारखाच रडवतो. तरी एकीचं तिकीट पूर्ण आणि दुसरीचं अर्धं. राजगुरुनगरच्या स्टँडवर बायका एसटीची वाट बघत का थांबतात, हे वेगळं सांगायला नको.

पाव तिकीट नाही

पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, हा नियम महिला सन्मानच्या कितीतरी आधीचा. मग दहा वर्षांच्या मुलीला अर्ध्याचं अर्धं का नाही? विचारून बघा, कंडक्टर आधी हसेल आणि मग नाही म्हणेल. सवलतीवर सवलत चढत नाही. मुलीला मुलांचीच ५० टक्के सवलत, एकदाच.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची गंमत याहून मोठी. २६ ऑगस्ट २०२२पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचा राज्यभरचा प्रवास फुकट. पण तिकीट घ्यावं लागतंच, शून्य रुपयांचं.

"आजी, आधार कार्ड?"

"अरे, माझ्याकडं बघून कळंना व्हय रे तुला?"

कंडक्टरला कळतं, पण मशीनला कळत नाही. शिवाय सवलतीचे पैसे एसटीला सरकारकडून मिळतात, त्यामुळे शून्याचं तिकीटही हिशेबात धरावंच लागतं. सगळ्या नियमांत मला हा सर्वात आवडतो. किंमत नाही, तरी नोंद आहे.

नोंदीचंच म्हणाल तर

हिशेबाची परंपरा या मुलखाला नवी नाही. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांतून येणारा माल याच वाटेने घाटावर चढायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यातच पडत, असं परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्यांना मानाचं स्थान आहे. सुट्ट्या पैशांवरून तेव्हाही घासाघीस होत असणार, हा आपला माझा अंदाज. शिलालेखात तसं काही नाही.

आजची घासाघीस मात्र पक्की आहे. २०२५च्या भाडेवाढीनंतर तिकिटाचे आकडे असे अडनिडे झाले, की बसमध्ये रुपया-दोन रुपयांवरून वाद सुरू झाले. परिवहनमंत्र्यांना यूपीआय वापरा म्हणून सांगावं लागलं. मोबाइल काढून कोड स्कॅन करायचा. हे नारायणगावात ठीक आहे. डिंभ्याच्या पलीकडे आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात रेंज आली तर.

डिंभ्यावरून आठवलं. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. म्हणून आंबेगाव तालुक्यात जायचं असेल, तर तिकीट घोडेगावचं नाहीतर मंचरचं मागा.

शिवनेरी जाते कुठे?

एसटीच्या सगळ्यात ऐटबाज वातानुकूलित बसचं नाव शिवनेरी. किल्ला जुन्नरच्या डोक्यावर, बसची मुख्य धाव मात्र मुंबई-पुणे. शिवजन्माचं ठिकाण बघायला निघालेला माणूस पुण्याहून बहुधा लाल परीतूनच जुन्नरला उतरतो. खिशाला तेच बरं. नारायणगाव ते जुन्नर साधारण १५ किलोमीटर, म्हणजे तीन टप्पे, तिसाच्या आसपास. मधेच उतरलात तरी चालू टप्प्याचे पूर्ण पैसे. आणि साधी असो वा जलद, टप्प्याचा दर एकच, म्हणून जलद मिळत असेल तर साधीसाठी थांबण्यात शहाणपण नाही.

रोज जाणाऱ्यांसाठी खरा मेवा पासात आहे. महिन्याच्या पासाला २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. तिमाही पासाला ५० दिवसांचं भाडं आणि ९० दिवस प्रवास. विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. हे पास थेट शाळेत पोहोचवायची मोहीमही निघाली. स्टँडवरच्या पासाच्या रांगेत ज्यांनी उन्हं काढली, त्यांना याचं मोल कळेल.

भटक्यांनी 'आवडेल तेथे प्रवास' हा पास लक्षात ठेवावा. १९८८पासूनची ही योजना, पास चार किंवा सात दिवसांचा. अष्टविनायकांतले दोन गणपती, लेण्याद्री आणि ओझर, एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत. म्हणजे सुरुवात इथून केली तर पहिल्याच दिवशी आठातले दोन वजा.

एक सवलत मात्र जुन्नरकरांना चकवते. १ जुलै २०२५पासून पूर्ण तिकिटाचं आगाऊ आरक्षण करणाऱ्यांना गर्दीचा हंगाम सोडून १५ टक्के सूट आहे, पण प्रवास १५० किलोमीटरच्या वर हवा. जुन्नर-पुणे शंभराच्याही आतच. सूट हवीच असेल तर पुण्याला न थांबता थेट कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे जावं लागेल.

सामानाचंही बघून ठेवा. पूर्ण तिकिटावर ३० किलो, अर्ध्या तिकिटावर १५ किलो सामान फुकट. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट घेऊन चढायचा विचार असेल, तर आधी वजनाचा अंदाज घ्या आणि मग कंडक्टरच्या चेहऱ्याचा. तिकीटच काढलं नाही आणि तपासणीला साहेब चढले, तर चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, यांत जे जास्त असेल ते भरावं लागतं. नारायणगाव-जुन्नरच्या तीस रुपयांसाठी हा सौदा फारच महाग पडतो.