संथ चालणाऱ्या जहाजांचे अर्थशास्त्र

जगाच्या व्यापारातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. त्यात तेल, कोळसा, धान्य हा सुटा माल पुष्कळ असला, तरी कारखान्यात तयार होणाऱ्या बहुतेक वस्तू आज कंटेनरमध्ये, म्हणजे ठराविक मापाच्या पोलादी पेट्यांत भरून जातात. या पेट्या वाहणाऱ्या जहाजांच्या खर्चात इंधन ही एक फार मोठी बाब असते आणि तेल महागले की ती इतर सर्व बाबींना मागे टाकते. मग हा खर्च कमी कसा करावा? नवे इंजिन, नवे इंधन, नवा शोध अशी उत्तरे आपल्याला सुचतात. ती चूक नाहीत. परंतु जहाज कंपन्यांना गेल्या पन्नास वर्षांत सर्वांत जास्त उपयोगी पडलेला उपाय यांपैकी एकही नव्हे. तो उपाय म्हणजे जहाज सावकाश चालवणे. ऐकायला हे अगदी साधे वाटते, पण याच साध्या उपायापायी या धंद्यातील एका मोठ्या माणसाची कंपनी बुडाली आणि त्याचा हिशेब आपल्या द्राक्षांपर्यंतही येऊन पोहोचतो.

प्रथम वेगाचा नियम पाहू. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना गणिताची थोडी धास्ती असते, तरी एवढे गणित सोसावे. जहाजाला पाणी कापत जावे लागते. पाण्याचे घर्षण आणि जहाजाने उठवलेल्या लाटा ही दोन्ही वेगाबरोबर झपाट्याने वाढतात. स्थूलमानाने असे की, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. समजा, एक जहाज २४ नॉट वेगाने जाताना रोज २०० टन तेल जाळते आणि दहा दिवसांत मुक्कामी पोहोचते. एकूण तेल झाले २,००० टन. तेच जहाज १८ नॉटने चालवले तर रोजचे तेल सुमारे ८४ टनांवर येते. प्रवासाला तेरा दिवस आणि आठ तास लागतात, पण एकूण तेल लागते सुमारे १,१२५ टन. वेग चतुर्थांशाने कमी झाला आणि तेल जवळजवळ ४४ टक्क्यांनी वाचले!

माझे वडील नाशिकहून न्हावा-शेव्याला कंटेनरचा ट्रेलर नेतात. त्यांना घन आणि वर्ग ठाऊक नाहीत, पण वेगाचा काटा वर गेला की डिझेलचा काटा खाली येतो, हे ते मला लहानपणापासून सांगत आले आहेत. ट्रकच्या ‘ॲव्हरेज’चा हा नियम जहाजाला कितीतरी अधिक कठोरपणे लागू पडतो, इतकेच.

आता त्या मोठ्या माणसाकडे वळू. त्याचे नाव माल्कम मॅक्लीन. तोही मूळचा ट्रकवालाच. अमेरिकेत ट्रकचा धंदा करता करता त्याच्या मनात आले की, माल उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये? २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि तेथून आधुनिक कंटेनर वाहतुकीचा इतिहास सुरू झाला असे मानतात. त्याच्या कंपनीचे नाव पुढे सी-लँड झाले.

या सी-लँडने १९७२-७३ मध्ये आठ नवी जहाजे पाण्यात आणली. ती ‘एसएल-७’ या नावाने ओळखली जात. त्यांचा वेग होता ३३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर. मालवाहू जहाजांत एवढा वेग तोवर कोणी पाहिला नव्हता. १,२०,००० अश्वशक्तीची वाफेची यंत्रे आणि रोज सुमारे ५०० टन तेलाची भूक! तेल स्वस्त होते तोवर ही चैन परवडण्यासारखी होती. परंतु ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. जगातील सर्वांत वेगवान मालवाहू जहाजे अगदी चुकीच्या मुहूर्तावर जन्माला आली होती. शेवटी १९८१-८२ मध्ये ती आठही जहाजे अमेरिकन नौदलाने विकत घेतली. युद्धसामग्री नेताना तेलाच्या बिलाकडे कोण पाहतो!

मॅक्लीनने सी-लँड १९६९ मध्येच विकली होती. १९७८ मध्ये त्याने युनायटेड स्टेट्स लाइन्स ही दुसरी कंपनी घेतली. महागड्या तेलाचा धडा आता सगळ्यांपुढे होता. तेव्हा त्याने नेमके उलट केले. दक्षिण कोरियाच्या देवू गोदीत त्याने बारा प्रचंड जहाजे बांधून घेतली. प्रत्येकात वीस फुटी मापाच्या सुमारे ४,४०० पेट्या मावत आणि त्या काळी एवढी मोठी कंटेनर जहाजे दुसरी नव्हती. वेग मात्र जेमतेम १८ नॉट. ही मंद, काटकसरी जहाजे पृथ्वीप्रदक्षिणा घालीत चालणार होती. १९८४-८५ मध्ये ती आली, आणि १९८६ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांतच तेलाचा भाव कोसळून निम्म्याखाली गेला. काटकसरीचे मोलच नाहीसे झाले. प्रतिस्पर्ध्यांची वेगवान जहाजे माल लवकर पोहोचवू लागली, त्यात जहाजे जास्त आणि माल कमी अशी बाजाराची स्थिती. नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्यावरील कर्ज एक अब्ज डॉलरच्या वर होते. त्या बारा जहाजांची पुढची कथा तर नाटकात शोभेल अशी आहे. ती बांधणीच्या खर्चाच्या अगदी अल्प किमतीत जिने विकत घेतली, ती कंपनी होती सी-लँड.

मॅक्लीनला या व्यवसायात मूर्ख कोणीच म्हटले नाही. मग घोटाळा कोठे झाला? माझ्या मते तो असा की, जहाजाचा वेग आणि तेलाचा भाव यांचे नाते त्याने पोलादात पक्के करून टाकले. जहाज वीस-पंचवीस वर्षे टिकते, भाव सहा महिन्यांत फिरतो.

हे नाते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. कंटेनर जहाजे एस.टी.सारखी वेळापत्रकावर चालतात. प्रत्येक बंदरातून आठवड्याला एक जहाज सुटलेच पाहिजे. समजा, आशिया ते युरोप आणि परत या फेरीला ५६ दिवस लागतात, पैकी ४२ समुद्रावर आणि १४ बंदरांत. म्हणजे या मार्गावर आठ जहाजे हवीत. वेग २४ वरून १८ नॉटवर आणला की समुद्रावरचे दिवस ५६ होतात, फेरी ७० दिवसांची होते आणि जहाजे दहा लागतात. मघाचाच आकडा धरला, तर सर्व जहाजे मिळून पूर्वी रोज १,२०० टन तेल जाळीत, आता सुमारे ६७५ टन जाळतील. बचत झाली ५२५ टन. परंतु दोन जास्त जहाजांचे खलाशी, विमा, कर्जाचे व्याज हा खर्च अंगावर आला. तो रोज ८० हजार डॉलर धरू. तेल टनाला १५० डॉलर असेल तर बचत ७९ हजारांच्या आत, म्हणजे हा खटाटोप आतबट्ट्याचा. तेल ६०० डॉलर असेल तर बचत तीन लाखांच्या वर. जहाज तेच, समुद्र तोच, केवळ भाव बदलला की शहाणपणाची व्याख्या बदलते.

२००८ च्या जुलैत खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले, आणि वर्ष संपता संपता मंदी येऊन व्यापारच आटला. रिकामी जहाजे नांगरून पडली होतीच, त्यामुळे जास्तीच्या दोन जहाजांचा प्रश्न आपोआप सुटला. डेन्मार्कच्या मेर्स्क कंपनीने याच सुमारास एका जुन्या समजुतीला हात घातला. मोठे डिझेल इंजिन त्याच्या शक्तीच्या चाळीस टक्क्यांच्या खाली फार काळ चालवले तर बिघडते, असे मानले जाई. मेर्स्कने शंभराहून अधिक जहाजांवर प्रयोग करून दाखवले की, योग्य काळजी घेतल्यास ते दहा टक्क्यांपर्यंतही खाली आणता येते. पाहता पाहता सारा धंदा संथ झाला. या पद्धतीला ‘स्लो स्टीमिंग’ म्हणतात. वाफ केव्हाच गेली, नावात मात्र उरली आहे.

नवी जहाजेही मग त्याच बेताने बांधली गेली. मेर्स्कच्या २००६ च्या ‘एम्मा मेर्स्क’मध्ये सुमारे ८० मेगावॅटचे एकच अजस्र इंजिन होते. तिच्याहून केवळ तीन मीटर लांब, पण १८,२७० पेट्या नेणारे जहाज याच कंपनीने २०१३ मध्ये आणले, तेव्हा त्यात प्रत्येकी सुमारे ३० मेगावॅटची दोन संथ इंजिने बसवली. आज २४ हजारांहून अधिक पेट्या नेणारी जहाजे आहेत. पेट्या जितक्या जास्त, तितका दर पेटीमागे तेलाचा खर्च कमी, हे उघड आहे, मात्र जहाज भरले पाहिजे. अर्धे रिकामे प्रचंड जहाज हे अर्ध्या रिकाम्या एस.टी.पेक्षा बरे नव्हे.

लहानसहान उपायही बरेच आहेत. जहाजाच्या नाळेखाली पाण्यात एक फुगीर नाक असते. लाट दाबण्यासाठी असलेले हे नाक ठराविक वेगासाठीच बेतलेले असते. वेग कमी केल्यावर तेच आडवे येऊ लागले, म्हणून अनेक जहाजांची नाके कापून नवी बसवण्यात आली. तळावर शेवाळ आणि कवचाचे जीव चिकटले की घर्षण वाढते. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून तळ खरवडतात व रंगवतात, तेच काम येथे गोदीत आणि खास रंगांनी होते. पेट्यांची व पाण्याच्या टाक्यांची मांडणी करून जहाजाचा पुढचा-मागचा तोल साधला तरीही तेल वाचते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट समुद्रावर नसून बंदरात आहे. समजा, फेरीत दहा बंदरे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी क्रेनने तीन तास वाचवले. झाले तीस तास. फेरीचे दिवस न वाढवता हे तीस तास जहाजाला सावकाश चालण्यासाठी मिळतात. म्हणजे धक्क्यावरची चपळ क्रेन भर समुद्रात तेल वाचवते. याच्या उलट, घाईने तेल जाळीत यायचे आणि धक्का रिकामा नाही म्हणून बंदराबाहेर नांगर टाकून बसायचे, हा प्रकार सर्रास चालतो.

सरकारी नियमांचाही रेटा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. साहजिकच शुद्ध तेल महाग पडू लागले. २०२३ पासून जहाजांना कार्बनच्या प्रमाणावरून श्रेणीही मिळते, आपल्याला परीक्षेत मिळते तशीच. वेग कमी करणे हा श्रेणी सुधारण्याचाही सर्वांत सोपा मार्ग आहे.

येथवर सगळे गोड आहे. मला खटकते ते पुढेच. जहाज कंपनीच्या हिशेबात वेळेची किंमत म्हणजे तिच्या जहाजाची किंमत. परंतु पेटीतला माल दुसऱ्याचा असतो. तो चार दिवस उशिरा पोहोचला तर त्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज मालकावर पडते. यंत्राचे सुटे भाग असतील तर हे व्याजावर निभावते. द्राक्षे असतील तर निभावत नाही. नाशिकची द्राक्षे न्हावा-शेव्याहून शीतपेटीतून युरोपला जातात. ही पेटी वाटभर जहाजाची वीज खात असते आणि ती वीजही तेलाचीच. थंडीने फळाचे वय वाढते, थांबत नाही.

२०२४ च्या हंगामात हे सर्वांनी अनुभवले. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले. वेळापत्रक सांभाळण्यासाठी जहाजांनी वेगही वाढवला, म्हणजे इतक्या वर्षांत वाचवलेले तेल पुन्हा जळू लागले. जास्तीच्या तेलाचा खर्च अधिभार म्हणून भाड्यात आला आणि तो निर्यातदाराने भरला. निर्यातदाराने तो बागायतदाराच्या दरातून वळता केला. तेल वाचले त्या वर्षांत जास्त दिवसांबद्दल भाड्यात सूट मिळाल्याचे मात्र आमच्या भागातल्या एकाही बागायतदाराकडून मी ऐकलेले नाही.