घोड्याच्या खुराकात खाद्यतेल : केव्हा, किती आणि कसे

मोटारी आणि मालवाहू रिक्षांनी रस्ते व्यापले असले, तरी माळव्यात, ग्वाल्हेरच्या परिसरात आणि गुजरातच्या अनेक गावांत घोडा अद्याप काही कुटुंबांचा पोशिंदा आहे. कोठे तो वरातीला लागतो, कोठे वीटभट्टीवर ओझी वाहतो, तर कोठे टांगा ओढतो. लग्नसराईत एकाच घोडीला एका रात्रीत दोन-दोन वराती कराव्या लागतात. ती रोडावू लागली, तिच्या बरगड्या दिसू लागल्या, की मालकाचा हात साहजिकच हरभऱ्याच्या पोत्याकडे जातो. चंदी एकदम दुप्पट केली जाते आणि कित्येकदा त्याच आठवड्यात घोडी पोटशुळाने लोळू लागते किंवा पुढच्या पायांनी लंगडू लागते. अंगावर मांस चढविण्याच्या प्रयत्नात जनावरच हातचे जाण्याची वेळ येते. अशा प्रसंगी धान्य वाढविण्याऐवजी खुराकात थोडे खाद्यतेल घालणे हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. मात्र त्याची रीत नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अधिक धान्य का बाधते?

गायी-म्हशींप्रमाणे घोड्याला कोठीपोट नसते. त्याचे जठर लहान असून त्यात जेमतेम ८ ते १५ लिटर अन्न मावते, आणि घोड्याला वांतीही करता येत नाही. धान्यातील पिष्ट लहान आतड्यात पचावे लागते. तेथे न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरले, की ते झपाट्याने आंबते व आम्लता वाढते. चारा पचविणारे उपकारक जंतू त्यामुळे मरतात. पोटशूळ आणि लॅमिनायटिस या नावाने ओळखला जाणारा खुरांच्या आतील दाह यांचे एक प्रमुख कारण हेच आहे.

यासाठी घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे एका वेळच्या खाण्यात १ ग्रॅमपेक्षा अधिक पिष्ट जाऊ नये, असा सावधगिरीचा नियम सांगितला जातो. जवात सुमारे निम्मे पिष्ट असते. म्हणजे ३२० किलो वजनाच्या घोड्याला एका वेळी ६०० ग्रॅमच्या आतबाहेरच जव द्यावे. कष्टकरी घोड्याची भूक याने भागत नाही, आणि तेलाची उपयुक्तता येथेच दिसून येते.

तेलाने काय मिळते?

तेलात पिष्ट अजिबात नसते, आणि वजनास वजन धरल्यास धान्याच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. सुमारे २०० मिलिलिटर तेल हे अर्धा किलो जवाइतकी ऊर्जा देते. शिवाय तेल पचताना शरीरात उष्णता कमी निर्माण होते. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात राबणाऱ्या जनावराच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. सावकाश, दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी तेलाची ऊर्जा विशेष उपयोगी पडते. कातडी व केस तुकतुकीत होतात, हाही अनुभव सार्वत्रिक आहे.

ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. बादशाही पागेतील खास घोड्यांना हिवाळ्यात तूप दिले जात असे, अशी नोंद अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त आढळते. आज तुपाची गरज नाही. साधे खाद्यतेल तेच कार्य करते.

परंतु तेलात केवळ ऊर्जा असते. त्यात प्रथिने नाहीत, चुना व स्फुरद नाही, मीठही नाही. तेव्हा तेल हे चाऱ्याची जागा कदापि घेऊ शकत नाही. घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का सुका चारा मिळालाच पाहिजे. ३२० किलोच्या घोड्याला हे प्रमाण सुमारे ५ किलो पडते. तेल घालावयाचे ते धान्याच्या काही भागाऐवजी, चाऱ्याऐवजी नव्हे.

पित्ताशय नसताना तेल कसे पचते?

घोड्याला पित्ताशय नसते, म्हणून त्याला तेल पचत नाही, असा एक समज आहे. त्यातील पूर्वार्ध खरा असून उत्तरार्ध चुकीचा आहे. घोडा हा दिवसभर थोडे थोडे चरणारा प्राणी आहे. त्याचे पित्त साठवून न ठेवता यकृतातून आतड्यात अखंड झिरपत राहते. त्यामुळे तेल थोडे थोडे आणि विभागून दिल्यास ते उत्तम पचते. एकदम पेलाभर ओतल्यास मात्र शेण पातळ व तेलकट होते आणि तेल वाया जाते. पचनसंस्थेला तेलाची सवय लागण्यास तीन ते चार आठवडे लागतात.

कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये?

जो घोडा नियमित कष्ट करतो, पुरेसा चारा खातो आणि तरीही वजन राखू शकत नाही, त्याला तेल द्यावे. तत्पूर्वी त्याचे दात तपासून घ्यावेत. दाढांना धार येऊन गालास जखमा झाल्या असतील, तर घोडा चावताना घास खाली टाकतो. अशा घोड्याला तेल पाजून उपयोग नाही, दात कानशीने घासून घेणे हाच उपाय होय. पोटात जंत असल्यास त्यांचा बंदोबस्त आधी करावा. महागडे तेल जंतांच्या कामी लावण्यात अर्थ नाही.

लठ्ठ घोडा, विनाकाम बांधून ठेवलेला घोडा, यकृताचा विकार असलेले जनावर, तसेच गाढव यांना तेल देऊ नये. गाढवांच्या व लहान चणीच्या तट्टांच्या रक्तात चरबी वाढण्याचा धोका अधिक असतो, विशेषतः आजारपणात किंवा गाभणपणी त्यांचे खाणे सुटल्यास. अशांच्या बाबतीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्यावाचून काहीही करू नये.

तेल कोणते असावे?

माळव्यात सोयाबीनचे, गुजरातेत भुईमुगाचे, तर बेळगावकडे करडईचे वा सूर्यफुलाचे तेल सहज मिळते. ऊर्जेच्या दृष्टीने सर्व तेले जवळजवळ सारखीच असतात. जवसाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले कातडीस हितकर मानली जातात. मात्र रंगकामासाठी विकले जाणारे उकळलेले जवसतेल घोड्याला चुकूनही देऊ नये, कारण ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात.

मोहरीचे तेल उग्र असल्याने पुष्कळ घोडे ते नाकारतात. शिवाय सुट्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ असू शकते. १९९८ साली दिल्लीत अशाच भेसळीमुळे माणसांत जलोदराची साथ पसरली होती. जे तेल माणसाच्या जेवणात चालणार नाही, ते घोड्याच्या तोबऱ्यातही चालणार नाही, हे सूत्र ध्यानात ठेवावे. खवट झालेले किंवा भजी तळून उरलेले तेलही वर्ज्य समजावे. पेंड म्हणजे तेल नव्हे, हेही लक्षात घ्यावे. पेंडीतून मुख्यतः प्रथिने मिळतात, आणि बुरशी लागलेली पेंड विषारी ठरते.

प्रमाण आणि रीत

प्रथम घोड्याचे वजन काढावे. काटा नसल्यास शिंप्याच्या फितीने काम भागते. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ११,९०० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे किलोग्रॅममधील अंदाजे वजन. उदाहरणार्थ, घेर १६० व लांबी १५० सेंटिमीटर असल्यास वजन सुमारे ३२३ किलो भरते. गावातील शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून करवून घेतल्यास घोडेवाल्यांनाही साहाय्य होईल.

अशा घोड्याला पहिले चार दिवस रोज ३० मिलिलिटर तेल द्यावे. त्यानंतर दर चार दिवसांनी ३० मिलिलिटर वाढवीत जावे. साधारण पंचविसाव्या दिवशी रोजचे प्रमाण २०० मिलिलिटरवर आणून तेथेच थांबावे. तेल वाढेल तसतशी चंदी कमी करीत जाऊन अखेरीस अर्धा किलोने घटवावी. घोड्याचे वजन वाढवावयाचे असल्यास चंदी थोडी कमी घटविली तरी चालेल. वजनाच्या दर १०० किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटर ही कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये.

रोजचे तेल किमान दोन वेळांत विभागावे आणि भरडलेल्या धान्यात, कोंड्यात किंवा ओलसर कुट्टीत नीट कालवून द्यावे. शेण पातळ किंवा चकचकीत दिसल्यास आठवडाभर आधीच्या प्रमाणावर यावे. घोडा कामावर नसेल त्या दिवशी चंदी निम्मी करावी. तोबरा रोज धुवावा, अन्यथा चिकटलेले तेल खवट होऊन घोडा त्यात तोंड घालीत नाही.

तेल वाढले, की शरीराची ‘ई’ जीवनसत्त्वाची गरजही वाढते. दर १०० मिलिलिटर तेलामागे सुमारे १०० एकके हे प्रमाण धरतात. हिरव्या गवतात व लसूणघासात हे जीवनसत्त्व विपुल असते, परंतु वाळलेल्या गवतात फारच थोडे उरते. म्हणून हिरवा चारा शक्य तितका द्यावा, आणि तो नसेल त्या दिवसांत दवाखान्यात विचारणा करावी. घाम गाळणाऱ्या घोड्याला रोज सुमारे ३० ग्रॅम मीठ आणि मुबलक पाणी हवेच.

एक घातक चूक

पोटशूळ झालेल्या घोड्याचे तोंड वर धरून बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने तेल ओतण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. हे तेल घशातून श्वासनलिकेत उतरू शकते. फुप्फुसात गेलेले तेल बाहेर निघत नाही आणि त्यामुळे होणारा फुप्फुसदाह बहुधा प्राणघातक ठरतो. तेल हे खाण्यात कालवून देण्याचे अन्न आहे, जबरीने पाजण्याचे औषध नव्हे. पोटशुळाची लक्षणे दिसताच दाणा बंद करून तातडीने पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे. आवश्यक ते औषध ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून सुरक्षितपणे देतात.

तेलाचा परिणाम दोन दिवसांत दिसत नाही. केसांवर तुकतुकी येण्यास व बरगड्या झाकल्या जाण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात, ही योग्य स्थिती होय. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी त्याच फितीने घेर मोजून वहीत नोंदवावा. लग्नसराईपूर्वी दोन महिने ही तयारी सुरू केल्यास ऐन हंगामात चंदी दुप्पट करण्याची वेळ येणार नाही.