बोटीच्या पोटातले ओझे

गलबत फार हलके असणेही धोक्याचे असते, ही गोष्ट जमिनीवरच्या माणसाला चटकन पटत नाही. आमच्या भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, चौक, पाली या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. दर्यावर निघताना तेथला तांडेल बर्फ, जाळी, डिझेल ज्याच्या त्याच्या जागी घट्ट बसवतो. ओझे जड आहे याची त्याला चिंता नसते. ते लाटेबरोबर सरकता कामा नये. तळाशी भरलेल्या वजनाला जुन्या दर्यावर्दी मराठीत ‘नीरम’ असा नेटका शब्द आहे. वर्गात तो समजावून सांगताना मला फळ्यावर गलबत काढावे लागे. हल्ली मी भाच्याच्या बोटीचा दाखला देतो. ही बोट रेडिओने चालणारी, शर्यतीची, हातभर लांबीची. आणि तिचे नीरम म्हणजे तिची बॅटरी!

खेळणे म्हणून नाक मुरडू नका. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी आज्ञेने चालणारी बोट लोकांना दाखवली, तेव्हा तिच्याही पोटात बॅटऱ्याच होत्या. आपल्याकडे एन.सी.सी.च्या नौदल शाखेची मुले नौकांच्या प्रतिकृती बनवून स्पर्धेत उतरतात.

आता, हे ओझे ठेवायचे कोठे? बॅटरी फार पुढे गेली तर बोट नाक पाण्यात खुपसते. फार मागे गेली तर नाक उचलले जाते, खाली वारा शिरतो आणि बाईसाहेब उताण्या! अशा पुष्कळ बोटींचा तोल मागच्या टोकापासून लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर साधतो. दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून बोट उचलावी, की तो कळतो. (येथे मराठीने ‘बोट’ या शब्दात थोडी गंमत करून ठेवली आहे.) शिवाय पाण्यातला पंखा एका दिशेने फिरला की बोट उलट बाजूला कलू पाहते, म्हणून काही खेळाडू बॅटरी मध्यरेषेपासून किंचित बाजूला ठेवतात.

एवढे जमवले आणि भर वळणावर बॅटरी सरकली, तर सारेच फुकट. भाच्याची आधीची बोट अशीच एका तळ्यात गेली. नाकात थर्मोकोल कोंबलेला होता, म्हणून ती तरंगत तरी राहिली.

“मग तारेने आवळून का टाकत नाहीस?” मी विचारले.

“मामा, घट्ट बांधायची, पण आवळायची नाही!”

त्याचे म्हणणे खरे आहे. या लिथियम पॉलिमर बॅटरीचे अंग मऊ असते. तार रुतली, स्क्रूचे टोक टोचले किंवा आपटून पापुद्रे दबले तर आतल्या आत शॉर्ट होऊन ती फुगते, प्रसंगी पेट घेते. म्हणून तळाला चिकटवलेल्या पट्टीवर तिला बसवायचे, वरून वेल्क्रोचे दोन रुंद पट्टे घ्यायचे आणि पुढे स्पंजाचा ठोकळा द्यायचा, म्हणजे बोट काठावर आदळली तरी बॅटरी पुढे धावत नाही. तारांना थोडी ढील ठेवायची. वेल्क्रोची कल्पना एका स्विस इंजिनिअरला कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी फळांवरून सुचली. गावाकडच्या धोतराला चिकटणाऱ्या कुसळांनी आम्हांला नुसता वैताग दिला!

पट्ट्यांचा दुसरा गुण म्हणजे ते क्षणात सुटतात. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, चार्जही करायची नाही. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांनी तर हे घोकून ठेवावे. चार्जिंग नेहमी फरशीवर, पडद्यांपासून दूर आणि डोळ्यांदेखत व्हावे. जवळ वाळूची बादली असावी. रात्री बॅटरी चार्जिंगला लावून घरच्यांनी झोपी जायचे, हा प्रकार बहिणीने घरातून हद्दपार केला आहे. एका सेलचा पूर्ण दाब ४.२ व्होल्ट, पण बॅटरी नुसती ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास ठेवतात.

भाच्याला बोट खाडीत सोडायची फार हौस. पण ओहोटीची ओढ अशा बोटीला जुमानत नाही, आणि खारे पाणी तांब्याच्या जोडांना खाते. तेव्हा बोट तळ्यातच पळते. घरी आल्यावर आधी झाकण उघडायचे, बॅटरी बाहेर काढून हाताने चाचपायची, मग बोट गोड्या पाण्याने धुऊन उघडीच वाळत ठेवायची. हे सारे आटोपेपर्यंत त्याला चहा मिळत नाही.