मुळावरची गाठ मित्राची की शत्रूची?

थंडीत बंगळुरूच्या बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात. अवरे म्हणजे आपला वाल. शेंगा सगळेच निवडून घेतात. आज मी तुम्हाला या वेलाच्या मुळाशी नेणार आहे.

वाल, मूग किंवा तुरीचं रोप फुलोऱ्याच्या सुमारास मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा. मुळाच्या कडेला चिकटलेली, बोटाने सहज सुटणारी आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसणारी गाठ रायझोबियम जिवाणूंची. ते हवेतलं नत्र झाडाला देतात. पण मूळच जागोजागी सुजलं असेल आणि सूज वेगळी निघत नसेल, तर आत मूळगाठ सूत्रकृमी शिरलेला आहे. ही सूज चांगली समजलो, तर पिवळ्या पिकाला युरिया घालत बसू आणि रोग तसाच राहील.

मग रायझोबियम सूत्रकृमीला रोखतं का? थेट मारत नाही. नत्र मिळाल्याने झाड सशक्त होतं, मार सोसतं. पण दोन्ही पाहुणे पानांनी केलेल्या साखरेवरच जगतात. सूत्रकृमी वाढले की चांगल्या गाठी बहुधा कमी होतात. २००५ मध्ये लोटस जपोनिकस या शेंगवर्गीय रोपावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मुळांवरच्या केसांनी सूत्रकृमीच्या संकेताला रायझोबियमच्या संकेतासारखाच प्रतिसाद दिला. मित्राची हाक शत्रूलाही जमते, असंच म्हणा ना!

इथे तिसरा सोबती उपयोगी पडतो : मायकोरायझा बुरशी. ती मुळात वस्ती करते, स्फुरद मिळवून देते आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातले डी. जे. बाग्यराज आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की ही बुरशी दिलेल्या टोमॅटोच्या मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी कमी आणि लहान येतात. टोमॅटो कडधान्य नव्हे, पण ही बुरशी कडधान्यांच्या मुळांतही राहते.

म्हणून बियाण्याला रायझोबियम चोळा, पेरताना मायकोरायझा मातीत द्या. मात्र शेतात सूत्रकृमी असेल, तर टोमॅटो, वांगी, भेंडी पाठोपाठ घेऊ नका. मध्ये ज्वारी किंवा झेंडू येऊ द्या. आणि युरियाचं पोतं उघडण्याआधी एक रोप खणून बघा.