रबरी शिक्क्यांची शुभेच्छापत्रे : फावल्या वेळेतील घरगुती उद्योग



कृषिविद्या शिकविणाऱ्याने शुभेच्छापत्रांवर लिहावे याचे आपणास नवल वाटेल. मलाही वाटले असते. परंतु गतवर्षीच्या संक्रांतीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. माझ्या बहिणीच्या गावच्या महिला बचत गटाने तिळाच्या लाडवांची पाकिटे विकायचे ठरविले व प्रत्येक पाकिटासोबत हाताने केलेले एक छोटे शुभेच्छापत्र द्यावे अशी कल्पना काढली. ‘भाऊ, तू शहरात राहतोस, तेवढी ६० कार्डे करून आण,’ असा निरोप आला. मी चकचकीत आर्ट कार्ड आणले, रबरी शिक्का करून घेतला आणि उस्मानपुऱ्यातील आमच्या घरी एका रात्रीत साठही कार्डे उमटविली. सकाळी गठ्ठा बांधला व गावी नेला. सोडून पाहतो तर प्रत्येक कार्डाच्या पाठीवर खालच्या कार्डाची निळी फूल-पाने! एकही कार्ड देण्याजोगे राहिले नव्हते. खर्च थोडाच गेला. पण ज्या भगिनींनी स्वतःची बचत तिळागुळात घातली होती, त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहणे सोपे नव्हते. चूक शिक्क्याची नव्हती आणि शाईचीही नव्हती. कागद व शाई यांचा मेळ मला माहीत नव्हता.

शाई कागदात मुरते कशी?

साध्या स्टॅम्प पॅडच्या शाईत रंग, पाणी व ग्लिसरीन असते. ग्लिसरीन हवेतील ओलावा धरून ठेवते, म्हणूनच पॅड लवकर वाळत नाही. पण त्यामुळेच ही शाई कागदावर उडून वाळत नाही, ती कागदात मुरावी लागते. आर्ट कार्डावर केओलिनसारख्या अतिबारीक पांढऱ्या मातीचा लेप देऊन ते घोटलेले असते. पाण्याचा ताण पडल्यावर बाष्परोधक म्हणून आपण पिकावर फवारतो तेच हे केओलिन. अशा घोटीव थरावर शाई पपडी धरलेल्या जमिनीवरील पावसाच्या पाण्यासारखी वरच्या वर उभी राहते. याउलट टीपकागदासारख्या मोकळ्या कागदावर ती वाळूत पाणी जावे तशी चारी बाजूंना पळते, म्हणजेच शाई ‘फुटते’ आणि नक्षीच्या कडा जातात. आपणास हवा तो मध्यम पोताचा कागद. पारख अगदी सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो लगेच पसरला तर कागद फार मोकळा समजावा. बराच वेळ मण्यासारखा उभा राहिला तर फार घट्ट समजावा. थोडा वेळ टिकून हळूहळू मुरला तर तो कागद घ्यावा.

हातकागद या कामी उत्तम. त्यासाठी आपल्या मराठवाड्याला दूर पाहण्याचे कारण नाही. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, दौलताबादमार्गे खुलताबादला जाताना कागजीपुरा हे गाव लागते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हा त्याच्यासोबत आलेले कागद करणारे कारागीर येथे वसले असे परंपरेने सांगतात. चिंध्यांच्या लगद्याचा ताव काढायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे ही जुनी रीत होती. शाई फुटू नये हाच त्या खळीचा व घोटण्याचा हेतू. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची, पण खळीचे तत्त्व त्याहून कितीतरी जुने आहे. आपल्या हाती आलेला हातकागद मोकळा निघाला तर तांदळाची पातळ खळ शिजवून, गाळून, ब्रशने एक हात द्यावा. ताव सावलीत वाळवून काचेच्या बाटलीने घोटावा.

ताव कापण्यातील बचत

हातकागदाचा ताव सर्वसाधारणपणे २२ बाय ३० इंचांचा असतो. ६ बाय ४ इंचांच्या दुमडलेल्या कार्डासाठी ८ बाय ६ इंचांचा तुकडा लागतो. ८ इंची बाजू तावाच्या लांबीत धरून सगळे तुकडे एकाच दिशेने कापले तर एका तावात ९ तुकडे बसतात. त्याऐवजी रुंदीतून ८ इंचांच्या दोन पट्ट्या काढाव्यात, प्रत्येकीचे ५ तुकडे पडतात. उरलेल्या ६ इंचांच्या पट्टीतून आडवे ३ तुकडे निघतात. एकूण १३ तुकडे झाले, शिवाय ६ बाय ६ चा चौकोन लेबलांसाठी उरतो. पेरणीचे अंतर बसविण्यासारखेच हे गणित आहे. गिरणीच्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने असतात, त्यामुळे उलट्या दिशेने दुमडल्यास घडी फुटते. हातकागदात तंतू चहूकडे पसरलेले असल्याने आडवे-उभे तुकडे मिसळले तरी चालते. घडीच्या जागी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ दाबावी व मग दुमडावे.

शिक्का

शाळेतील मुलांचे मोठे खोडरबर यासाठी पुरेसे आहे. नक्षी पातळ कागदावर पेन्सिलीने काढून, कागद रबरावर पालथा ठेवून घासावा, म्हणजे ती आपोआप उलटी उतरते. अक्षरे असतील तर हे फार महत्त्वाचे. ‘शुभ दीपावली’ सरळ कोरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. पात्याने कोरताना रेघेच्या दोन्ही अंगांना बाहेरच्या बाजूस उतार ठेवावा. बांधाचा पाया माथ्यापेक्षा रुंद ठेवतो तसेच येथे करावे. पाते आतल्या बाजूस वळले की रेघ पोकळ होते व पाच-पन्नास ठशांत तुटते. मोठी नक्षी हवी असल्यास जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे कापून लाकडी ठोकळ्यावर पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवावेत. हा शिक्का हजारभर ठसे सहज देतो.

मुलांना भाजीचे ठसे आवडतात. पाच धारांची जून भेंडी, मग ती आपल्या विद्यापीठाची परभणी क्रांती का असेना, आडवी कापली की सुरेख फूल मिळते. बाजारात जी भेंडी कोणी घेत नाही तीच येथे कामाची, कारण तिचे तंतू टणक असतात. कापल्यावर चिकट रस टिपून तासभर सुकू द्यावी. मात्र असा ठसा एका दिवसापुरताच. मागणीच्या कामाला रबरच हवे.

ठसा उमटविताना कार्डाखाली वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवाव्यात, म्हणजे खडबडीत कागदावरही शिक्का सर्वत्र टेकतो. शिक्का पॅडवर हलकेच दोनदा टेकवावा, रगडू नये. कागदावर सरळ दाबून सरळ उचलावा. डुलविला की कडा दुहेरी उमटतात.

घरची काळी शाई

विकतची शाई घ्यावयाची नसेल तर हिरडा व हिराकस यांची शाई करता येते. १०० ग्रॅम हिरड्याची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, उकळून निम्मे पाणी आटवावे व गाळावे. त्यात १० ग्रॅम हिराकस व भिजवून विरघळविलेला २५ ग्रॅम बाभळीचा डिंक मिसळावा. हिराकस म्हणजे आपले फेरस सल्फेट. चुनखडीच्या जमिनीत लोहाअभावी पिवळ्या पडलेल्या पिकावर फवारतो तेच, १९ टक्के लोहाचे. खडे हिरवट असावेत. पिवळे-तांबूस पडलेले जुने हिराकस जसे फवारणीस वाया गेलेले असते तसेच शाईसही. ठसा प्रथम फिकट दिसतो, हवा लागली की काही वेळात काळा होतो. त्यामुळे फिकट दिसला म्हणून हिराकस वाढवू नये. जादा हिराकस कालांतराने कागद खाते. जुन्या दस्तांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात ती याचमुळे. हळदीच्या पिवळ्या रंगाचा मोह मात्र टाळावा, उजेडात तो फार लवकर उडतो. शाईची भांडी स्वयंपाकात वापरू नयेत. पॅडसाठी साबणाच्या डबीत फ्लॅनेलच्या चार-पाच घड्या घालाव्यात.

हंगाम कोणता धरावा?

येथे बहुतेक गट चुकतात. कार्डांना मागणी दिवाळीची, म्हणून काम आश्विनात काढले जाते. पण तेव्हा सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी ऐन भरात असते. वेचणीची रोख मजुरी सोडून कार्डे करीत बसण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, शाई वाळत नाही. चैत्र-वैशाखात शेतात काम कमी असते व हवा कोरडी असते. राखी, दिवाळी व संक्रांतीची कार्डे तेव्हाच करून ठेवावीत. त्यावर सालाचा आकडा घालू नये, म्हणजे उरलेली पुढच्या वर्षी चालतात. पॅड उन्हाळ्यात कोरडे पडते. ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. सुटी कार्डे विकण्याच्या भरवशावर मोठा साठा करू नये. हळद, गूळ, डाळ, पापड यांची पाकिटे गट विकतच असेल तर त्याच शिक्क्याने लेबले उमटवावीत, म्हणजे खोडरबराचे पैसे पहिल्याच आठवड्यात निघतात.

ठसे उमटल्यावर कार्डे दोरीवर किंवा चटईवर सुटी सुटी रात्रभर राहू द्यावीत. गठ्ठा करण्यापूर्वी पांढऱ्या कपड्याने एका कार्डावर दाबून पाहावे. कपड्यास डाग लागला तर आणखी एक दिवस थांबावे. खळ दिलेल्या कागदाला कसर लागते, म्हणून साठवण पत्र्याच्या कोरड्या डब्यात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह करावी. यंदा वैशाखात बहिणीच्या अंगणात आम्ही पुन्हा ६० कार्डे केली. त्यातील चार शिक्का डुलल्याने बाद झाली. उरलेली ५६ पत्र्याच्या डब्यात संक्रांतीची वाट पाहात आहेत.