मीटरच्या वायरी आणि ‘अनुपलब्धी’

आज आपण मल्टीमीटरच्या लाल-काळ्या वायरींबद्दल बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला या वायरी कशाला हव्यात, असं तुम्ही म्हणाल. पण प्रश्न प्रमाणाचाच आहे.

या वायरींवरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक; नळाचा पाइप पाहा. वायरीसाठी ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट पदार्थ मिसळतात. ते पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते मध्ये शिरून बसलेले असतात. म्हणून वर्षानुवर्षं ते हळूहळू निसटतात. काही हवेत जातात, काही शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरतात. जुनी वायर हाताला चिकट लागते ती यामुळेच. पुढे ती कडक होते आणि वाकवली की तडकते. उष्णतेने हे सगळं लवकर घडतं. रबराचं आवरण असेल तर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला पोखरतात. ताण असलेल्या जागी आडव्या भेगा पडतात. सिलिकॉन मऊ राहतं, उष्णताही सोसतं, पण धारदार कडेने चटकन कापलं जातं.

आता वायर ठीक आहे हे आपण कसं ठरवतो? दोन्ही टोकं एकमेकांना लावतो, मीटर ‘बीप’ करतो, झालं! पण बीप आतल्या तांब्याची साक्ष देतो, आवरणाची नाही. हातात धरलेल्या वायरीला भेग असेल आणि आत 230 व्होल्ट असतील, तरी मीटर आकडा बरोबरच दाखवेल.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही. पण अट अशी, की असती तर दिसली असती. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. बीप ही आपली अंधारी खोली आहे.

तेव्हा उजेड करावा. वायरी मीटरमधून काढाव्यात, स्वच्छ पुसाव्यात आणि बोटाभोवती हळू वाकवून पूर्ण लांबी पाहावी. प्रोबच्या आणि प्लगच्या मानेशी विशेष पाहावं, कारण वायर तिथेच सारखी वाकते. काही वायरींना दोन रंगांचे थर असतात. आतला रंग दिसला, की वायर संपली. भेग दिसली तर टेप गुंडाळू नये, वायर बदलावी. एवढं करून भेग दिसली नाही, तर ‘भेग नाही’ म्हणण्याला काही आधार आहे.