पडद्यावरचं विज्ञान : लेख चौथा
समजलं, पण उमजलं का?

चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर चालला आहे. हवेचा अडथळा सोडून दिला, तर या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं काम करताहेत? बहुतेक जण सांगतात, की हाताचं बल अजून चेंडूत शिल्लक आहे. ते ओसरलं की गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं. खरं उत्तर एवढंच : फक्त गुरुत्वाकर्षण. चेंडू सुटला तिथंच हाताचं काम संपलं.

अशाच प्रश्नांवर डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली (२००८). विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्यांनी न्यूटनच्या नियमांचा सुटसुटीत, नेटका व्हिडिओ दाखवला. मुलांना तो आवडला, सोपा वाटला. चाचणीत मात्र गुण जेमतेम हलले. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत एक पात्र आधी चुकीचं उत्तर ठासून सांगायचं आणि मग त्यावर वाद रंगायचा. ही मुलं म्हणाली, गोंधळ उडाला. पण गुण वाढले ते यांचेच.

असं का व्हावं? नेटकं स्पष्टीकरण ऐकताना ‘हे तर आपल्याला ठाऊकच आहे’ असं वाटून लक्ष सैल पडतं. समोर सांगितलं जातंय ते आपल्या समजुतीच्या नेमकं उलट आहे, हे ध्यानातच येत नाही.

म्युलर यांनी २०११ मध्ये ‘व्हेरिटॅसियम’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं, तेव्हा हीच युक्ती वापरली. आधी लोकांना प्रश्न, मग प्रयोग. त्यातला स्लिंकीचा प्रयोग गाजला. लांबलचक सैल स्प्रिंग वरच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवायची आणि सोडून द्यायची. खालचं टोक आधी कुठं जाईल? खाली? की वर? स्लो मोशनमध्ये दिसतं, की ते जागचं हलतच नाही. वरची वेटोळी मिटत मिटत त्याच्यावर येऊन आदळेपर्यंत ते अधांतरी राहतं. त्याला गुरुत्वाकर्षण खाली ओढत असतं आणि स्प्रिंगचा ताण वर. हात सुटल्याची खबर लाटेसारखी स्प्रिंगमधून खाली उतरते. ती पोचेपर्यंत खालच्या टोकाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

शिकवणारा व्हिडिओ छोटा असावा असंही म्हणतात, आणि त्याला आधार आहे. ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या अभ्यासक्रमांवरच्या २०१४ च्या अभ्यासात व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपुढे जात नव्हता. पण पाहणं वेगळं आणि शिकणं वेगळं.

पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. टाकाऊतून खेळणी करायला शिकवणारे एकदोन मिनिटांचे व्हिडिओ त्यांनी मराठीसह अनेक भाषांत केले. त्यातली छोटी मोटर बघा : एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलचा विद्युतरोधक थर असलेल्या तारेचं कॉइल. तारेच्या टोकांचं इनॅमल खरवडायचं, पण एक बाजू तशीच ठेवायची. घाईत सगळंच खरवडलं, तर कॉइल नुसतं थरथरतं. अर्ध्या फेरीनंतर बल त्याला उलटं ढकलू लागतं आणि त्या वेळी प्रवाह तोडायला ते उरलेलं इनॅमलच लागतं. इथं चूक पडद्यावरच्या पात्राची नसते, स्वतःच्या हातची असते. आणि मोटर फिरेपर्यंत त्या चुकीचं कारण शोधावंच लागतं.

(पुढच्या आठवड्यात : शाळेच्या वर्गात व्हिडिओ नेमका कुठं थांबवावा?)